ग्राफिक्स कार्ड बदलायचंय: जुना बी४५० बोर्ड, ४५० वॅटचा एसएमपीएस, बजेट ३५ हजार

अनगोळ_पिक्सेल :
नमस्कार मंडळी. जीटीएक्स १०६० (६ जीबी) आता निवृत्त करायचं आहे. बाकीचं मशीन: रायझन ५ ३६००, बी४५० चिपसेटचा छोटा बोर्ड, डीडीआर४ च्या ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या ३२०० वर, ५०० जीबी एनव्हीएमई, ४५० वॅटचा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा), विंडोज १०. मॉनिटर २४ इंची, १०८०पी, १४४ हर्ट्झ.

खेळ म्हणजे व्हॅलोरंट, सायबरपंक २०७७, फोर्झा होरायझन ५. डूम: द डार्क एजेस खेळायचा आहे, तो १०६० वर सुरूच होत नाही. धाकटी बहीण याच मशीनवर थोडं ब्लेंडर (थ्रीडी चित्रांचं सॉफ्टवेअर) करते.

बजेट फक्त कार्डासाठी ३५ हजार, ताणून ३८. डोक्यात तीन नावं आहेत: आरटीएक्स ५०६०, आरएक्स ९०६० एक्सटी, नाहीतर वापरलेलं आरटीएक्स ३०६०. जुन्या बोर्डावर नवं कार्ड घालून उपयोग होतो का? आणि घ्यायचं कुठून? बेळगावात, कोल्हापूरहून, बंगळूरच्या एस. पी. रोडवरून की ऑनलाइन?

निपाणी_नाका :
५०६०. डोळे मिटून घे. धागा बंद करा.

उद्यमबाग_व्हर्नियर :
डोळे मिटून घ्यायला तो काय कुंदा आहे? आधी बोर्ड बघू या.

बी४५० चा मोठा स्लॉट पीसीआयई ३.० चा. पीसीआयई म्हणजे कार्ड आणि बोर्ड यांच्यातला रस्ता, लेन म्हणजे त्यातली एकेक पट्टी. एका लेनमधून सेकंदाला साधारण १ जीबी माल जातो, १६ लेन म्हणजे जवळपास १६ जीबी. ५०६० चा कनेक्टर दिसायला लांबलचक असला तरी आत लेन ८ च जोडलेल्या आहेत. पीसीआयई ५.० च्या बोर्डावर त्या ८ लेनमधून ३२ जीबी जातात, तुमच्या बोर्डावर जेमतेम ८. आरटीएक्स ४०६०, ५०६० टीआय, आरएक्स ६६००, ७६००, इंटेलचं बी५८०, सगळी ८ लेनवालीच. ९०६० एक्सटीला मात्र पूर्ण १६ लेन आहेत. ३०६० ला पण.

एरवी याने फार बिघडत नाही. गेमचा माल कार्डाच्या स्वतःच्या मेमरीत मावतोय तोवर ८ लेन पुरतात. गोची होते मेमरी भरल्यावर. ५०६० ची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी वेगाने वाचली जाते. तिचे ८ जीबी भरले की उरलेली टेक्श्चर मशीनच्या रॅममध्ये जाऊन पडतात आणि तिथून ८ जीबीच्या बोळातून ये-जा करतात. सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीकच दिसतो, पण मध्येच झटके बसतात, भिंतींवरची चित्रं उशिरा उमटतात. म्हणून पीसीआयई ३.० च्या बोर्डावर ८ जीबी आणि ८ लेन ही जोडी एकत्र येऊ देऊ नये. दोन्हींपैकी एक तरी १६ हवं. ९०६० एक्सटी १६ जीबीमध्ये दोन्ही १६ आहेत, म्हणून माझं मत त्याला.

निपाणी_नाका :
मर्दा, १०८०पी ला १६ जीबी कशाला? टेक्श्चर अल्ट्रावरून हायवर आणलं की ८ जीबीत बसतंय की सगळं. आणि एनव्हिडियाचं डीएलएसएस (कमी रेझोल्यूशनचं चित्र मोठं करून एफपीएस वाढवायची सोय) कुठं सोडलास? एएमडीचं ते एफएसआर बघून डोळे दुखतात.

उद्यमबाग_व्हर्नियर :
डोळे दुखायचे ते एफएसआर २ आणि ३ मध्ये. एफएसआर ४ वेगळ्या पद्धतीचं आहे आणि ९००० मालिकेसाठीच काढलंय. चित्र खूप स्वच्छ झालंय. पण प्रत्येक गेममध्ये ते नसतं, डीएलएसएसचा पसारा अजूनही मोठा, हे मान्य.

टेक्श्चर हायवर आणायचा उपाय आज चालतो. पण रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब) लावलं की मेमरी लागते, फ्रेम जनरेशन (मधल्या जास्तीच्या फ्रेम बनवणं) लावलं की अजून लागते. ज्या दोन गोष्टींसाठी ५०६० घ्यायचं, त्याच ८ जीबी संपवतात.

हट्टिहोळ_हर्ट्झ :
+१ व्हर्नियर. खोक्यावर नाव मात्र नीट वाचा. ९०६० एक्सटी ८ आणि १६ अशा दोन्हींत येतं, ५०६० टीआय पण तसंच. नाव एकच, खोकं जवळपास एकच, कोपऱ्यातला आकडा वेगळा. ऑनलाइन यादीत तर ‘९०६० एक्सटी ओसी’ एवढंच लिहून मोकळे होतात.

चिकोडी_चौकट :
कार्ड ठरवायच्या आधी अडकतंय कुठं ते तपासा. आफ्टरबर्नर हे साधन टाका, पडद्यावर जीपीयू (कार्डाची चिप) वापर, व्हीरॅम (कार्डाची मेमरी), प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा वापर आणि फ्रेमटाइम दाखवायला लावा. एफपीएसची मर्यादा आणि व्ही-सिंक बंद. गेममध्ये जिथं सगळ्यात जास्त लटकतं तिथं थांबा. जीपीयू ९५ टक्क्यांच्या वर असेल तर कार्ड कमी पडतंय. जीपीयू ६०-७० वर रेंगाळत असेल तर प्रोसेसर.

खात्री करायची तर रेझोल्यूशन ७२०पी करा. एफपीएस वाढला तर दोष कार्डाचा होता. जिथल्या तिथं राहिला तर नवीन कार्ड घालूनही तेवढाच राहणार.

प्रोसेसरचा एकूण टक्का बघू नका. ३६०० ला १२ थ्रेड आहेत, एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकडा ८ टक्के दिसतो. ‘प्रोसेसर ४० वरच आहे’ म्हणून लोक निवांत बसतात आणि एक थ्रेड केव्हाचा छताला टेकलेला असतो.

तुमच्या यादीत व्हॅलोरंट प्रोसेसरवर चालतो, तिथं कुठलंही कार्ड घातलं तरी फार फरक नाही. सायबरपंक आणि फोर्झा कार्ड खातात. सायबरपंकची गर्दी वाढवली की ३६०० पण धापा टाकतो, तेव्हा गर्दीची सेटिंग मध्यमवर ठेवा. पुढेमागे त्याच बोर्डात बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून रायझन ५ ५६०० बसतो. ३६०० चे ३२ एमबी एल३ (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) दोन तुकड्यांत १६-१६ वाटलेले आहेत, ५६०० मध्ये ३२ सलग. स्वस्त दिसतो म्हणून ५५०० घेऊ नका, त्यात एल३ निम्मं आहे.

गणपत_गल्ली_जीबी :
५६०० घातल्यावर स्लॉट पीसीआयई ४.० होतो ना? मग ८ लेनचा प्रश्नच मिटला.

उद्यमबाग_व्हर्नियर :
नाही होत. बी४५० वर कुठलाही प्रोसेसर घाला, स्लॉट ३.० च राहतो. ४.० पाहिजे तर बी५५० बोर्ड.

खानापूर_कंदील :
अहो तुम्ही सगळे लेन मोजत बसलाय. एसएमपीएस कुठला ते कुणी विचारलंच नाही. ‘४५० वॅट’ हा शब्द आहे, आकडा स्टिकरवर असतो.

कॅबिनेटची बाजूची झाकणं काढा आणि स्टिकरवर +१२ व्होल्टच्या खाली किती अँपिअर लिहिलंय ते वाचा. चांगल्या ४५० वॅटच्या एसएमपीएसवर ३६ च्या आसपास असतं. १२ गुणिले ३६, म्हणजे ४३२ वॅट. कॅबिनेटबरोबर फुकट आलेल्या एसएमपीएसवर पण ‘४५०’ छापलेलं असतं आणि १२ व्होल्टवर निघतात १८ नाहीतर २० अँपिअर. म्हणजे २१६ ते २४० वॅट. बाकीचे वॅट ५ आणि ३.३ व्होल्टवर दाखवून बेरीज केलेली असते, आणि आजचं मशीन जवळपास सगळं १२ व्होल्टवरच चालतं.

गरज किती? ३६०० पूर्ण भारावर ८८ वॅट घेतो. ९०६० एक्सटी १६ जीबी १६० वॅट, ५०६० १४५ वॅट. बोर्ड, रॅम, पंखे, एनव्हीएमईला ५० धरा. झाले ३००. कार्ड क्षणभर याच्यापेक्षा बरंच वर उडी मारतं, ती उडी खपवायला जागा लागते. खरा ४५० वॅटचा ब्राँझ (कार्यक्षमतेचा दर्जा) असेल तर चालेल. नवीन घेत असाल तर ५५० किंवा ६५०.

अजून एक. स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. १०६० ला बहुतेक ६ पिनच लागते, त्यामुळे तुमच्या एसएमपीएसला ६+२ आहे की नुसती ६ ते बघा. नसेल तर साटाच्या (डिस्कला वीज देणाऱ्या) वायरीवरून ८ पिन करायचा जोड वापरू नका. साटाच्या कनेक्टरमधून १२ व्होल्टवर ४.५ अँपिअर म्हणजे ५४ वॅटच जावेत अशी रचना असते. त्यातून १५० ओढले की प्लास्टिक वितळतं. मॉड्युलर (वायरी सुट्या होणाऱ्या) एसएमपीएसची वायर दुसऱ्या मॉडेलला लावणं पण तसंच. टोक बसतं, पिनांचा क्रम वेगळा असतो, आणि बोर्ड-डिस्क सगळं एका दमात जातं.

निपाणी_नाका :
कंदील अण्णांचा प्रतिसाद वाचून मी घरातला मेन स्विच बंद केला.

खानापूर_कंदील :
कर की. पावसाळ्यात तसंही आमच्याकडं तो आपोआपच बंद असतोय.

वडगाव_वायर :
लाइटचा विषय निघालाच आहे तर यूपीएसचं सांगतो. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. वरचे ३०० वॅट एसएमपीएसच्या आतल्या बाजूचे आहेत. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर भिंतीतून ३५० ओढले जाणार, मॉनिटरचे ३० वेगळे. म्हणजे गेम चालू असताना लाइट गेली की ६०० व्हीए तिथंच मान टाकणार. १००० व्हीएच्या पुढचा घ्या.

इन्व्हर्टरवर मशीन असेल तर मागच्या बटणात ‘यूपीएस मोड’ लावा. साध्या मोडमध्ये बदलायला वेळ जास्त लागतो. एसएमपीएस पूर्ण भारावर १६-१७ मिलिसेकंद कळ काढतो, त्याच्या पुढं मशीन रिस्टार्ट.

खेड्यात पंपांच्या वेळेला व्होल्टेज १८० च्या खाली येतं. ज्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० असं लाल बटण आहे तो तिथं गडबडतो. ‘१०० ते २४० व्होल्ट’ लिहिलेला, अॅक्टिव्ह पीएफसीचा असेल तर त्याला काही वाटत नाही. अर्थिंग मात्र तपासा: मल्टिमीटर एसी व्होल्टवर, न्यूट्रल आणि अर्थमध्ये २-३ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर वायरमनला बोलवा. आणि वीज कडाडताना लॅनची वायर पण काढायची, नुसता प्लग काढून भागत नाही.

शहापूर_सोल्डर :
वापरलेल्या ३०६० बद्दल. पहिलं म्हणजे ३०६० ८ जीबी असंही एक कार्ड आहे, १२८ बिटचं, १२ जीबीवाल्यापेक्षा स्पष्ट हळू. खोक्यावर नाव तेच. १२ जीबी, १९२ बिट हे दोन्ही जीपीयू-झेडमध्ये (कार्डाची माहिती दाखवणारं साधन) बघून मगच पैसे.

मायनिंगचं कार्ड म्हणून लगेच नाक मुरडू नका. इथेरियमचं मायनिंग १५ सप्टेंबर २०२२ ला बंद पडलं, त्यानंतर ती कार्डं बाजारात आली. चिपला विशेष काही होत नाही. झिजतात पंखे, वाळते पेस्ट, मेमरीचे पॅड तेल सोडतात. तपासणी विकणाऱ्याच्या टेबलावरच करायची. पाठीमागची प्लेट आणि स्क्रू बघा, पेचकस फिरल्याच्या खुणा आहेत का, वॉरंटीचा स्टिकर फाटलाय का. पंखा बोटाने फिरवला की खरखर नको. मग १५ मिनिटं फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारं साधन) लावा, सोबत हॉटस्पॉटचं, म्हणजे चिपवरच्या सगळ्यात तापलेल्या जागेचं तापमान बघा. जीपीयू आणि हॉटस्पॉटमध्ये १०-१५ अंशांचा फरक नेहमीचा, २५ च्या वर गेला तर पेस्ट गेलीय किंवा कूलर नीट बसलेला नाही. ओसीसीटीची व्हीरॅम चाचणी पण चालवा, एक जरी चूक दाखवली तर उठून या. नुसता गेम लावून दाखवतो म्हणाला तर हरकत नाही, पण तेवढ्यावर भुलू नका.

आरएक्स ५८० कुणी स्वस्तात देत असेल तर ‘२०४८ एसपी’ आहे का बघा. तो ५७० च आहे, पाटी बदललेला.

गणपत_गल्ली_जीबी :
पॅड बदलायचे तर कुठले आणायचे?

शहापूर_सोल्डर :
जाडी मोजल्याशिवाय कुठलेच नाही. एकाच कार्डावर १ मिमी, १.५ मिमी असे वेगवेगळे असतात. अर्धा मिमी जास्त जाड पॅड घातला की कूलर चिपवर टेकतच नाही, मेमरी थंड आणि चिप तापते. व्हर्नियर भाऊंकडे साधन आहे, नावातच.

उद्यमबाग_व्हर्नियर :
दबलेला पॅड मोजून उपयोग नाही. कडेचा, न दबलेला भाग मोजायचा.

तिलकवाडी_रेंडर :
धागाकर्त्याने बहिणीचं ब्लेंडर एका ओळीत गुंडाळलं आणि पुढं सगळ्यांनी विसरून टाकलं. ब्लेंडरचं सायकल्स (रेंडर करणारा भाग) एनव्हिडियावर ऑप्टिक्सने चालतं, एएमडीवर एचआयपीने. दोन्ही चालतात, पण त्याच किमतीच्या कार्डात ऑप्टिक्स बराच पुढे असतो. तिला पुढे मशीन लर्निंग वगैरे शिकायचं असेल तर एनव्हिडियाचं कुडा (कार्डावर गणितं चालवायची प्रणाली) लागणार, तिथं एएमडीवर विंडोजमध्ये उगाच खटपट. व्हिडिओ एडिटिंगलाही एनव्हिडियाच बरं पडतं.

दुसऱ्या बाजूने, सीन व्हीरॅममध्ये मावला नाही तर रेंडर एकदम हळू होतं किंवा बंद पडतं, त्यामुळे ८ जीबीचं ५०६० मलाही पटत नाही. बहिणीचं काम खरंच वाढणार असेल तर वापरलेलं ३०६० १२ जीबी नाहीतर थोडे पैसे साठवून ५०६० टीआय १६ जीबी. तो ८ लेनचा असला तरी १६ जीबी असल्यामुळे बोळातून जायची वेळ क्वचित येते. गेम ९० टक्के आणि ब्लेंडर १० टक्के असेल तर ९०६० एक्सटी.

हट्टिहोळ_हर्ट्झ :
इंटेल बी५८० चं कुणी नावच घेत नाही. १२ जीबी, १९२ बिट, जाहीर किंमत २४९ डॉलर. ५०६० ची २९९, ९०६० एक्सटी १६ जीबीची ३४९.

चिकोडी_चौकट :
३६०० बरोबर नको. त्याचा ड्रायव्हर प्रोसेसरवर बराच भार टाकतो, जुन्या सहा कोरवर कार्ड अर्धवट रिकामं बसतं. काही खेळांत सुधारणा झाली आहे, सगळ्यांत नाही. रिसायझेबल बार (कार्डाची पूर्ण मेमरी प्रोसेसरला एकदम वापरू देणारी सोय) चालू नसेल तर अजूनच आपटतो. नवीन प्रोसेसरवर मात्र पैसा वसूल कार्ड आहे. वॅट पण बघा, १९० आहेत.

संकेश्वर_साकु :
कुठून घ्यायचं याचं उत्तर कुणी देईना म्हणून लिहितो. ‘कोल्हापुरात टॅक्स कमी’ ही समजूत सोडा. जीएसटी १ जुलै २०१७ पासून आहे, कार्डावर १८ टक्के. बेळगावात केंद्राचे ९ आणि कर्नाटकाचे ९, कोल्हापुरात केंद्राचे ९ आणि महाराष्ट्राचे ९, परराज्यातून ऑनलाइन आलं तर आयजीएसटी १८. ग्राहकाला एकच. किंमत वेगळी असते ती दुकानदाराच्या खरेदीमुळे आणि नफ्यामुळे. स्वतःच्या दुकानाच्या नावावर कर्नाटकाच्या जीएसटी क्रमांकाने घेत असाल तरच फरक: कोल्हापूरच्या बिलावर आयजीएसटी लागलेला हवा. महाराष्ट्राचा एसजीएसटी लागला तर त्याचं क्रेडिट इकडं मिळत नाही.

माझा हिशेब असा. फरक दीड-दोन हजारांच्या आत असेल तर गावातच घ्यावं. पहिल्या आठवड्यात कार्ड मेलं तर दुकानात नेऊन आपटता येतं. निपाणीवाल्यांना कोल्हापूर हाकेच्या अंतरावर आहे, त्यांनी तिकडून आणावं. बेळगावहून शंभर-सव्वाशे किलोमीटर जाऊन यायचं तर पेट्रोल पण बिलात धरा.

वॉरंटी बिलावरच्या राज्यावर अवलंबून नसते. ती खोक्यावर भारतातल्या वितरकाचा स्टिकर आहे का आणि सिरियल क्रमांक बिलावर छापलाय का यावर असते. स्टिकर नाही, ‘इम्पोर्टेड आहे, दोन हजार कमी’ असं म्हणाले तर सोडून द्या. कार्ड बिघडलं की ते बहुतेक बंगळूर, पुणे किंवा मुंबईला जाणार, म्हणून खोकं आणि काळी पिशवी टाकू नका. ऑनलाइन घेतलंत तर पार्सल फोडल्यापासून सिरियल दिसेपर्यंत एका दमात व्हिडिओ, मध्ये काट नको.

निपाणी_नाका :
कर्नाटकाचे ९, महाराष्ट्राचे ९... आता कुणीतरी सीमाप्रश्न काढणार.

संपादक :
काढलात तर प्रतिसाद उडवला जाईल. स्लॉटवर बोला.

चिकोडी_चौकट :
बसवताना क्रम चुकला की काळी स्क्रीन येते आणि लोक कार्ड परत करतात, म्हणून क्रम लिहितो. जुनं कार्ड काढायच्या आधी, १०६० वरच हे सगळं करायचं.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. ३६०० वर विंडोज ११ अधिकृतपणे चालतं. आधी डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन डिस्क जीपीटी आहे की एमबीआर (डिस्क विभागायची नवी आणि जुनी पद्धत) ते बघा. एमबीआर असेल तर बॅकअप घ्या आणि विंडोजमधल्याच एमबीआर२जीपीटी या साधनाने बदला. बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा, बायोस बदलल्यावर मागते. मग बायोस ताजा करा, लाइट खात्रीची असताना किंवा यूपीएसवर. मग बायोसमध्ये सीएसएम (जुन्या पद्धतीने बूट करायची सोय) बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू, रिसायझेबल बार ऑटो. एफटीपीएम आणि सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी पण तेव्हाच लावा, विंडोज ११ वर व्हॅलोरंट दोन्ही मागतो. बायोस बदलला की रॅमचं एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) उडतं, ते परत लावायचं विसरू नका, नाहीतर ३२०० ची रॅम २१३३ किंवा २४०० वर चालत राहते आणि दोष नव्या कार्डाला लागतो.

विंडोज नीट उघडलं की नवा ड्रायव्हर उतरवून ठेवा, इंटरनेट काढा, सेफ मोडमध्ये डीडीयूने (ड्रायव्हर मुळापासून पुसणारं साधन) जुना पुसा, मशीन बंद. एसएमपीएसचं बटण बंद करून पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा. जुनं कार्ड काढताना स्लॉटच्या टोकाची कळ आधी दाबा, नाहीतर ती मोडते. नवं कार्ड वरच्याच स्लॉटमध्ये. बी४५० च्या खालच्या लांब स्लॉटला बहुतेक पीसीआयई २.० च्या ४ लेनच असतात.

५०६० किंवा ५०६० टीआय घेतलं आणि रिस्टार्ट केल्यावर स्क्रीन काळी राहिली, तर एनव्हिडियाने त्या कार्डांसाठी फर्मवेअर बदलायचं साधन दिलंय. पण त्यांचाही पहिला सल्ला बायोस ताजा करा आणि सीएसएम बंद करा हाच.

शेवटी जीपीयू-झेडमध्ये बस इंटरफेस वाचा. मशीन निवांत असताना तिथं १.१ दिसतं, घाबरू नका, वीज वाचवायला वेग उतरवलेला असतो. शेजारचं प्रश्नचिन्ह दाबून चाचणी लावली की ३.० आणि १६ लेन (५०६० किंवा ५०६० टीआय असेल तर ८) दिसायला पाहिजेत.

वडगाव_वायर :
मॉनिटर कुठल्या वायरने जोडलाय? १०६० ला डीव्हीआय होतं, नव्या कार्डांना फक्त एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट. जुने १४४ हर्ट्झचे काही मॉनिटर पूर्ण वेग ड्युअल-लिंक डीव्हीआयवरच देतात. स्वस्तातला एचडीएमआय ते डीव्हीआय जोड लावला की ६० वर अडकायचं.

अनगोळ_पिक्सेल :
सगळ्यांचे आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. मॉनिटर डिस्प्लेपोर्टवर आहे. चौकट भाऊंची चाचणी केली: सायबरपंकमध्ये जीपीयू ९९, ७२०पी वर एफपीएस चांगलाच वाढला. डिस्क जीपीटी आहे. कंदील अण्णा, स्टिकरवर +१२ व्होल्ट २० अँपिअर लिहिलंय, मागे लाल बटण आहे आणि कार्डासाठी एकच ६ पिन. बहीण म्हणते ब्लेंडर फक्त या सत्रापुरतं.

खानापूर_कंदील :
मग झालं. २४० वॅटवर ३०० चं मशीन चालवायचं नाही. ३८ मधून आधी एसएमपीएस काढा. ५५० वॅटचा ब्राँझ, १२ व्होल्टवर ४० अँपिअरच्या वर, ६+२ च्या दोन वायरी, लाल बटण नसलेला. राहिलेल्या पैशात कार्ड.

निपाणी_नाका :
म्हणजे १६ जीबी बजेटच्या बाहेर. फिरून ५०६० वरच आलो की नाही?

उद्यमबाग_व्हर्नियर :
नाही आलो. ९०६० एक्सटीचंच ८ जीबी आहे ना. मेमरी तेवढीच, पण १६ लेन. ओसंडून गेलं तरी बोळ दुप्पट रुंद. तरीही मी म्हणेन एसएमपीएस आत्ता घ्या, १०६० त्यावर चालवा, आणि १६ जीबीसाठी महिनाभर थांबा. १०६० चे नवीन गेम रेडी ड्रायव्हर ऑक्टोबर २०२५ ला थांबले, सुरक्षेचे ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत. म्हणजे उद्याच्या उद्या काही बंद पडत नाही.

तिलकवाडी_रेंडर :
थांबण्यात एक धोका आहे. मेमरी चिप महागल्यात, रॅमचे भाव बघा. १६ जीबीच्या कार्डात चिप जास्त, वाढ झाली तर तिथं आधी होणार. दर आठवड्याला भाव बघत राहा, आवाक्यात आला की सणाची वाट बघू नका.

संकेश्वर_साकु :
एसएमपीएस गावातल्या दुकानातूनच घ्या, आणि जुना त्यांना देऊन काही कमी होतात का विचारा. कार्डाची लांबी पण मोजून जा. छोट्या कॅबिनेटमध्ये हार्डडिस्कचा पिंजरा आडवा येतो. दोन पंख्यांची कार्डं साधारण २० ते २५ सेंमी, तीन पंख्यांची ३० च्या आसपास.

अनगोळ_पिक्सेल :
पिंजऱ्यापर्यंत २६ सेंमी आहे, म्हणजे दोन पंखेच. शनिवारी एसएमपीएस आणतो. कार्डाला थांबतो, पण भाव चढायला लागला तर ८ जीबी, १६ लेन. कॅबिनेटच्या पुढे एकच पंखा आहे, अजून एक लावू का?

निपाणी_नाका :
लाव, पण पुढं जाळी बसव. आमच्याकडं तंबाखूची धूळ पंख्याच्या पात्यांवर चिकट थर करते, तुमच्या अनगोळात उद्यमबागेच्या फौंड्रीची बारीक लोखंडी धूळ येत असणार, ती तर वीज वाहते. ब्लोअर मारताना कार्डाचा पंखा बोटाने धरून ठेव. जोरात फिरला की बेअरिंग जातं.

गणपत_गल्ली_जीबी :
धागा हायजॅक करतोय, माफ करा. माझ्याकडे एच४१० बोर्ड आणि आय५ १०४००एफ आहे. त्यावर पण हेच गणित का?

उद्यमबाग_व्हर्नियर :
स्लॉट ३.० चाच आहे, लेनचं गणित तेच. रिसायझेबल बारसाठी तुमच्या बोर्डाच्या नव्या बायोसमध्ये सोय आहे का ते कंपनीच्या पानावर बघा. एसएमपीएसचा स्टिकर वाचून नवा धागा काढा.